भिंगारच्या रस्त्याखालची तुटक रेघ

ताई,

“रविवारी ये, भांडू,” असं तू फोनवर म्हणालीस. तो रविवार आला तेव्हा सावेडीच्या तुझ्या घरात माणसं मावत नव्हती आणि एकही जण भांडत नव्हता. सगळे हळू आवाजात तुझ्याविषयी चांगलं बोलत होते. हुशार होती, धीट होती, एकटीने सगळं उभं केलं. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होतो आणि मला सारखं वाटत होतं, आता आतल्या खोलीतून तुझा आवाज येईल, “दिन्या, विषय बदलू नकोस.”

तर मी विषय बदलत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, गेलेल्या माणसांवर लिहिलेलं पुष्कळ वाचलं. जन्म, शिक्षण, नोकऱ्या, मागे कोण कोण आहे, हे सगळं लिहिणारे लिहितील. मला आपलं भांडण पुढे न्यायचं आहे. ते अर्ध्यावर राहिलं याचा मला राग येतो, आणि राग कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून लिहितो आहे. यातलं निम्मं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण आपण दोघं बोलत असताना शेजारी कुणी येऊन बसलं तर त्यालाही कळलं पाहिजे, हा तुझाच हट्ट असायचा.

भांडण एका रेघेवरून होतं.

भिंगारच्या रस्त्याने गटाराची नवी लाईन टाकायची होती. रस्ता खोदायच्या आधी खाली काय काय आहे ते कळायला हवं: पाण्याचे पाईप, विजेच्या केबल, फोनच्या वायरी, बुजलेली जुनी गटारं. ते शोधून नकाशा काढायचं काम ठेकेदाराने तुला दिलं होतं. तू मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेलीस तो दिवस मला नीट आठवतो. तुझ्याकडे काम करणारा इमरान लहान मुलांच्या बाबागाडीसारखी एक गाडी ढकलत रस्त्याच्या या कडेकडून त्या कडेला जात होता, मग हातभर सरकून पुन्हा तिकडून इकडे. गाडीच्या पोटाखालची पेटी जमिनीत लहरी सोडते, खाली काही आडवं आलं की लहर परत येते, आणि पडद्यावर त्याची खूण उमटते. पाईप पाईपासारखा दिसत नाही. उपडी ठेवलेली वाटी असते ना, तशी एक कमान दिसते. तू त्यांना वाट्याच म्हणायचीस.

समोरच्या ओट्यावर सोनाबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

“काय गं बाई, सकाळधरनं ह्यो बाप्या काय ढकलतोय? इस्तरीची गाडी हाय का?”

“जमिनीचा एक्सरे काढतोय, मावशी.”

“का? जिमीन आजारी हाय व्हय?”

इमरानला हसू आवरेना. हसण्यात गाडी वाकडी गेली आणि ती ओळ तू त्याला पुन्हा पहिल्यापासून ढकलायला लावलीस.

“पानी घावतंय का त्येच्यात?”

“पाणी नाही मावशी, पाण्याचे पाईप.”

“मंग तू पानाडीच की! नारळ कुटं हाय तुजा?”

किती खूश झालीस तू. पाथर्डीकडच्या गावांत विहिरीच्या जागा शोधत हिंडायचीस, तेव्हा तळहातावर नारळ घेतलेला पाणाडी तुझ्या यंत्राशेजारी हटकून उभा असायचा आणि गावकरी दोघांचं ऐकून घेऊन त्याच्या जागेवर खणायचे. तेव्हापासून तुला कोणी पाणाडी म्हटलं की तू चिडायच्याऐवजी फुलायचीस.

सोनाबाई पुढे म्हणाल्या, “आमाला न्हाई बा काय शोधायची गरज. आख्ख्या आळीत पैलं पानी माझ्या नळाला येतं. देवीची किरपा हाय. बाकीच्यांचे हंडे वाजत असत्यात तवर माझं धुनं वाळत पडतं.”

“असं?” तू म्हणालीस, आणि त्यांच्या दाराजवळच्या नळाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलीस. मला वाटलं, तुला तहान लागली असेल.

त्या वाट्या ओळखायचं काम आता संगणक करतो, हे मला तेव्हा नवीन होतं. सगळे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणायचे, तू त्याला ‘कार्टं’ म्हणायचीस. कार्टं कुठल्यातरी लांबच्या देशातल्या कोरड्या, रेताड जमिनीवर शिकून आलेलं होतं. आपली काळी माती लहर गिळून टाकते आणि मुरमातला प्रत्येक दगड पाईप असल्याचा आव आणतो. पहिल्या दिवशी त्याने भिंगारच्या रस्त्याखाली इतके पाईप दाखवले की तू कपाळाला हात लावलास. “बघ, मच्छरदाणी विणलीय कार्ट्याने.”

मग तू त्याला पुन्हा शिकवायला बसलीस. दुपारभर जेवणाच्या टेबलावर तू एकेक चित्र उघडायचीस आणि एकेका वाटीवर खूण करायचीस: हा पाईप, हा दगड, ही केबल, हे लिंबाचं मूळ. मी शेजारी बसून माझं वाचत असायचो. म्हणजे वाचण्याचं निमित्त असायचं. खरं तर मी तुझं बघत असायचो, कारण माणूस इतक्या धीराने कुणाला शिकवताना मी फारसा पाहिला नव्हता, आणि तुझा धीर तर मी कधीच पाहिला नव्हता.

एकदा मी विचारलं, “ताई, त्याला पाईप म्हणजे काय हे कळतं का?”

“नाही. मी कशाला पाईप म्हणते ते कळतं.”

“मग तू चुकलीस तर?”

“तर तेही चुकेल. माझ्याहून ठाम चुकेल. म्हणून तर त्याला शंका घ्यायला शिकवतेय. ते अवघड आहे. तुला जन्मतःच येतं, त्याला येत नाही.”

हा टोमणा होता की कौतुक, हे मी तेव्हा विचारलं नाही.

अहवाल मराठीत द्यायचा म्हणून नकाशाच्या कोपऱ्यातली सूची मी लिहून दिली. खात्रीच्या पाईपाला सलग रेघ. जिथे कार्ट्याला खात्री नाही तिथे तुटक रेघ. तुटक रेघेपुढे मी ‘संभाव्य’ लिहिलं होतं. तू वाचून म्हणालीस, “संभाव्य काय? पाईप आहे तो, नवरामुलगा नाही. ‘बहुधा’ लिही.” आणि त्याखाली आणखी एक ओळ तूच घातलीस: खाली काहीतरी आहे, पण काय ते माहीत नाही. ठेकेदाराचे इंजिनिअर गुंजाळ ती सूची बघून अस्वस्थ झाले होते.

“मॅडम, ‘माहीत नाही’ असं कुठं रिपोर्टात लिवत्यात का?”

“जिथे माहीत नाही तिथे लिहितात, गुंजाळ.”

आता ती रेघ.

त्याच रस्त्याला वळणावर कडुलिंब आहे. आपलं लहानपण त्या लिंबाच्या अलीकडच्या चाळीत गेलं. आपले वडील, दादा, पाणी सोडायच्या कामावर होते. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून सकाळी निघायचे, एकेका ठिकाणी जमिनीतलं झाकण उघडून चावी फिरवायचे, आणि फेरी संपवून परत आले की कधीकधी आपल्या दोघांना हाताला धरून लिंबाखाली न्यायचे.

“लावा कान जिमिनीला. बादशाहाचं पानी हाय ह्ये. खापरी नळातनं चाललंय, कवाधरनं चाललंय, अजून थांबलं न्हाई.”

डोंगराच्या पायथ्याच्या विहिरींतून शहरात पाणी आणायला जुन्या राजवटीत भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून टाकले होते, हे नगरच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. पण आपल्या बापाला त्यातला एक नळ सापडलेला आहे, हे फक्त आपल्याला माहीत होतं. धाकटा म्हणून पहिली पाळी माझी. मी कान लावायचो. सायकली जायच्या त्यांची खडखड यायची, माझ्याच कानातलं गुंगुं ऐकू यायचं. मी उठून गुडघे झटकायचो. “मला काहीच ऐकू येत नाही.”

“येईल, येईल. थोडा दम धर.”

पण दम धरायच्या आत तू मला ढकलून आडवी व्हायचीस. डोळे मिटून बराच वेळ पडून राहायचीस, आणि मग एकदम, “आलं! दादा, आलं!” त्या दिवसांत तू मला ‘बहिरा’ हे नाव ठेवलंस आणि मी कॉलेजात जाईपर्यंत ते चालवलंस.

तू भूगर्भशास्त्र का घेतलंस, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही.

इमरानची गाडी त्या वळणावर फिरली आणि पडद्यावर वाट्यांची एक रांग उमटली. फिकट, मधेच नाहीशी होणारी, पण रांग. लोखंड असतं तर लखलखीत दिसलं असतं. कार्ट्याने त्या वाट्या जोडल्या, तुटक रेघ काढली आणि शेजारी लिहिलं: खापरी नळ, बहुधा. तू मला फोन करून बोलावून घेतलंस. तुझा चेहरा तेव्हा अगदी त्या लिंबाखालचा होता.

आणि मी, बहिरा, मी विचारलं, “याला खापरी नळ कसा दिसतो ते कुणी शिकवलं?”

“मीच. आणखी कोण शिकवणार?”

“उघडा पडलेला खरा खापरी नळ तू कितीसा पाहिलायस?”

“थोडा. जुन्या विहिरींकडे.”

“आणि बाकीच्या चित्रांत? जिथे तुला नक्की माहीत नव्हतं तिथे काय खूण केलीस?”

तू पडद्यावरची ती रांग मोठी करून बघायला लागलीस.

“ताई, हे कार्टं नाही बोलत. दादा बोलतायत.”

तू संगणक बंद केलास आणि चहा टाकलास. चहात आलं नव्हतं. तू रागावलीस की आलं घालायची नाहीस. कप माझ्यापुढे ठेवून म्हणालीस, “शिकवणाऱ्याचं मन त्यात उतरतंच. तुझ्या ग्रंथालयात कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, ते कुणाच्या मनानं ठरतं? मग ती कपाटं खोटी का?”

“खोटी नाहीत. पण कपाटावर विश्वास ठेवून कोणी रस्ता खणत नाही.”

“उलट. खणू नका, आधी बघा, एवढंच म्हणतेय मी.”

असं आपलं बरंच चाललं. मला अजून वाटतं, त्या दिवशी माझं बरोबर होतं. आणि असंही वाटतं की बरोबर असून मी तुझ्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझवलं. या दोन्ही गोष्टी माझ्यापाशी शेजारी शेजारी पडून आहेत. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

मग तुझा फोन आला.

“मी नाव काढलं.”

“कसलं नाव?”

“खापरी. तिथे ‘माहीत नाही’ केलं. रेघ ठेवलीय. आता झालं तुझं समाधान?”

“नाव नसलेली रेघ काढून उपयोग काय?”

“खाली काहीतरी आहे एवढं कळायचा उपयोग.”

“काहीतरी म्हणजे काय?”

“ते खड्डा खणल्यावर. सगळं फोनवरच भांडून संपवणार आहेस का? रविवारी ये, भांडू.”

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. ते तुला माहीत नाहीत, आणि मलाही ते माझे वाटत नाहीत.

सगळं आटोपल्यावर एके दिवशी इमरान माझ्याकडे आला. नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, “सर, गुंजाळ साहेबांना फायनल नकाशा पाहिजे. लिंबाजवळची तुटक रेघ काढून टाक म्हणतात. त्यांची लाईन तिच्यावरूनच जाते.”

नियम तुझाच होता: खोदायच्या रस्त्यात तुटक रेघ आली की तिथे आधी हाताने चाचणी खड्डा घ्यायचा, मगच यंत्र लावायचं. खड्डा घ्यायचा म्हणजे काम थांबणार. तू असतीस तर गुंजाळांनी कुरकुरत घेतला असता. आता तू नव्हतीस.

“तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? मॅडमची रेघ पुसायला माझा हात होत नाही, सर. पण ती का ठेवायची, हे मला त्यांना पटवताही येत नाही.”

मलाही कुठे येत होतं? त्या रेघेवर माझाच विश्वास नव्हता. मनात मी स्पष्ट पाहत होतो: खड्डा खणला जातो, खाली नुसता मुरूम निघतो, आणि भिंगारच्या रस्त्यावर उभी असलेली माणसं म्हणतात, मॅडमनी उगाच काम अडवलं. तुझ्या माघारी तुला खोटं पाडण्याची व्यवस्था मी स्वतःच्या हाताने करणार होतो. रेघ गुपचूप पुसली असती तर कोणाला काहीच कळलं नसतं. तू बरोबर ठरली नसतीस आणि चूकही ठरली नसतीस.

तरी मी गेलो. का गेलो, ते नीट सांगता येत नाही. बहुधा कुतूहलापोटी. खाली काय आहे, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तुझ्यासारखंच.

गुंजाळ जेसीबीच्या सावलीत उभे होते. मला पाहून त्यांनी टोपी काढली. माणूस वाईट नाही, ताई, तू म्हणायचीस तेवढा तर नाहीच.

“सर, मॅडमबद्दल मला लई आदर हाय. पन तुमीच सांगा, तुमाला सोताला वाटतं का, खाली काय आसंल?”

“मला माहीत नाही.”

“मंग?”

“नकाशावर तेच लिहिलंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग इमरानकडे. “बहीन-भाऊ एका साच्यातले,” ते म्हणाले. “बरं. उद्या सकाळी हातानं खनू. दुपारपातूर काय न्हाई घावलं तर मी यंत्र लावनार. मंग मला अडवायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. दोन माणसांनी रस्त्याचं डांबर फोडलं. खाली खडी, तिच्याखाली मुरूम. कुदळ दगडावर वाजली की मी वाकून बघायचो, आणि दगड निघाला की तो बाजूला ढिगावर जायचा. सोनाबाई लिंबासमोरच्या त्यांच्या ओट्यावर आल्या.

“पानाडी बाई कुटं हाय आज?”

इमरानने जवळ जाऊन त्यांना सांगितलं. त्या तशाच आत गेल्या, तांब्या भरून आणला आणि खड्ड्याच्या कडेला ठेवला. “कालचंच भरल्यालं हाय. तिच्या नावानं दोन घोट घ्या सगळ्यांनी.” खणणारे हात धुऊन पाणी प्यायले. मीही प्यालो. सावेडीच्या घरात इतकी माणसं इतकं बोलून गेली होती, पण मला गहिवरून आलं ते त्या तांब्याजवळ.

मुरूम संपला, काळी माती लागली. कमरेइतका खड्डा झाला तेव्हा गुंजाळांनी घड्याळ पाहिलं. त्यानंतर थोड्याच वेळात कुदळीचा आवाज बदलला.

“थांबा!” म्हणत इमरान खड्ड्यात उतरला. हातांनीच माती सारली. आधी एक करडी कमान दिसली, मग तिची पाठ. मी कडेला गुडघे टेकून वाकलो होतो. लाल भाजलेली माती दिसावी, असं मला इतकं वाटत होतं, ताई. मी, ज्याने तुझ्याशी भांडण केलं, मी तिथे मनातल्या मनात खापर मागत होतो.

खापर नव्हतं. करड्या रंगाचा, सिमेंटचा पाईप होता.

“ह्यो जुना सिमेंटचा,” गुंजाळ म्हणाले. “आमच्या लहानपनी टाकायचे. बंदच आसनार.” पण तेही आता कडेला बसले होते. इमरानने आणखी माती काढली. पाईपाच्या कुशीतून एक बारीक नळी निघाली होती आणि ती सरळ सोनाबाईंच्या ओट्याकडे गेली होती.

गुंजाळांनी वाकून त्या नळीवर बोट फिरवलं. मग त्यांनी पाण्याच्या लाईनचे दोन्ही सरकारी नकाशे मागवले, भिंगारच्या हद्दीच्या अलीकडचा आणि पलीकडचा. एकावरची रेघ हद्दीपाशी येऊन थांबत होती. दुसऱ्यावर ती सुरूच होत नव्हती; मधला हा तुकडा कुठेच नव्हता.

“मावशी, पानी कदी येतं तुमाला?”

“येईल की आता. दहाच्या आत-बाहेर.”

“म्हंजी चालू हाय ह्यो,” गुंजाळ स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “सिमेंटचा पाईप, यंत्राचा दात लागला आसता तर भुगा झाला आसता. आनि कुटं बंद करायचा, त्ये कुनालाच ठावं न्हाई.” ते उठले, पँटची माती झटकली आणि जेसीबीवाल्याला हाक मारून सांगितलं, “आज न्हाई रे. लाईन तिकडनं सरकवून घ्यू.”

इमरान रडत होता की हसत होता, मला कळलं नाही. मी मात्र अजून पाईपाकडेच पाहत होतो, कारण मला दादा दिसत होते.

तो पाईप दादांच्या काळातला होता. फेरीतल्या शेवटच्या झाकणापाशी चावी फिरवून ते थेट आपल्याकडे यायचे, आपल्याला हाताला धरून लिंबाखाली आणायचे. खालून काय चाललंय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते त्यांनीच सोडलेलं पाणी होतं. बादशाहाचं म्हणून त्यांनी ते आपल्याला दिलं. आणि “येईल, येईल, थोडा दम धर” असं ते म्हणायचे, ते माझी समजूत घालायला नव्हे. पाणी तिथवर पोचायला खरंच थोडा वेळ लागायचा. पहिली पाळी माझी असायची आणि तेव्हा पाईप रिकामा असायचा. तुझी पाळी यायची तोवर पाणी आलेलं असायचं. तू खोटं बोलत नव्हतीस. मी बहिरा नव्हतो.

मला आता एवढंच विचारायचं आहे. तुला हे कळलं होतं का? त्या दिवशी तू सोनाबाईंच्या नळाकडे पाहत राहिलीस, ते काय होतं? माझ्याशी भांडून नाव काढलंस असं मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर थोडा मिरवतही होतो. पण कदाचित तू दादांची गंमत ओळखली होतीस, आणि ती मला रविवारी, चहात आलं घालून, समोरासमोर सांगणार होतीस. कदाचित नसशीलही ओळखली. दोन्ही मला सारखंच खरं वाटतं. तुझ्या सूचीतली ‘माहीत नाही’ची शेवटची ओळ याच जागेसाठी होती की काय, कुणास ठाऊक.

“सर,” इमरानने विचारलं, “आता ही रेघ सलग करू?”

“खड्ड्याएवढीच कर. पुढे कुठे जाते ते कुठे पाहिलंय आपण?”

तो हसला. “मॅडम हेच म्हणाल्या असत्या.”

आता तो कार्ट्याला सांगेल की अशा फिकट वाट्यांना सिमेंटचा पाईपही म्हणतात. कार्टं तेवढं शिकेल. बाकी तू केलेल्या खुणा तशाच राहतील. बरोबर, चूक आणि ‘माहीत नाही’ सुद्धा. उद्या इमरान नागापूरच्या कारखान्यांमधल्या एखाद्या रस्त्यावर गाडी ढकलत असेल आणि एखाद्या दगडापाशी कार्टं अडखळेल, तिथे तुटक रेघ काढेल, तेव्हा ते अडखळणं तुझं असेल. याने मला बरं वाटतं का? वाटतं. पुरेसं वाटतं का, ते विचारू नकोस.

दहा वाजत आले होते. सोनाबाईंनी नळाखाली हंडा लावला. “थांबा, आलंच.”

मी खड्ड्यात उतरलो.

“सर, आवो कापडं भरतील,” गुंजाळ वरून म्हणाले. “हात धरा, वर या.”

मी ओल्या मातीत आडवा झालो आणि त्या करड्या पाईपाला कान लावला. पाईप गार होता. रस्त्यावरून कोणाची तरी मोटारसायकल गेली. मग माझ्याच कानातलं ते जुनं गुंगुं. त्यापलीकडे काही नाही. एका वयानंतर असं पडून राहणं सोपं नसतं, मान अवघडली, उठावंसं वाटलं. या वेळी मला ढकलायला मागे कोणी उभं नव्हतं.

मी उठलो नाही. दम धरला.

आलं, ताई. आलं.